'व्हॅक्यूम ट्यूब मेली' म्हणणाऱ्यांना: मग कॅथोड कोण बनवणार?

व्हेर्णा_शिफ्ट_बी
काल इथं एकानं लिहिलं, "व्हॅक्यूम ट्यूब कधीच मेली. गॅलियम नायट्राइडच्या चिपच्या जमान्यात पोरांना कॅथोड शिकवणं म्हणजे त्यांची वर्षं वाया घालवणं. लागलाच तर बाहेरून मागवावा." खाली अंगठ्यांची रांग. डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितो. व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे हवा काढलेली नळी, आणि कॅथोड म्हणजे तिच्यात तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग.

मेली म्हणता, मग तुमच्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये काय आहे? मॅग्नेट्रॉन, म्हणजे सूक्ष्मलहरी बनवणारी ट्यूबच, आणि त्याच्या पोटात थोरियम मिसळलेल्या टंगस्टनची फिलामेंट. एक्स-रे ट्यूबमध्ये तापलेली टंगस्टनची तार. कर्करोगावर रेडिओथेरपी देणारं लिनॅक मशीन इलेक्ट्रॉन गनशिवाय, म्हणजे तापलेल्या कॅथोडशिवाय, सुरू होत नाही. व्हॉयेजर १९७७ साली सुटलं, त्या यानाचा एक्स-बँडचा संदेश आजही टीडब्ल्यूटीतून, म्हणजे सूक्ष्मलहरींची ताकद वाढवणाऱ्या ट्यूबमधून, येतो.

"बाहेरून मागवा" याचा मला जास्त राग आहे. अशा ट्यूबमधला डिस्पेन्सर कॅथोड म्हणजे टंगस्टनची लहानशी सच्छिद्र चकती, छिद्रांतून बेरियम पुरवणारी. चार-पाच मायक्रॉन कणांची पावडर दाबायची, हायड्रोजनच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या वर सिंटर करायची, म्हणजे न वितळवता कण चिकटवायचे, पण पूर्ण घट्ट होऊ द्यायची नाही. पाचवा हिस्सा पोकळी राहिली पाहिजे. हा ठोकळा तसाच लेथवर धरलात तर टूलखाली टंगस्टन पसरतं आणि छिद्रांची तोंडं बुजतात. म्हणून आधी छिद्रांत वितळलेलं तांबं भरायचं, मग टर्निंग, मग नायट्रिक ॲसिडनं आणि व्हॅक्यूम भट्टीत ते तांबं काढून टाकायचं. त्यानंतर बेरियम कॅल्शियम ॲल्युमिनेट वितळवून आत मुरवायचं. वर ऑस्मियम-रुथेनियमचा अगदी पातळ थर. त्यामुळं तेवढंच एमिशन, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटणं, साधारण शंभर अंश कमी तापमानात मिळतं, बेरियम कमी उडतं आणि ट्यूब जास्त जगते.

मी टर्निंगवाला माणूस. धार गेलेल्या टूलनं काढलेली चकती चकचकीत दिसते, आणि वाया जाते ती तीच. चांगली चकती डोळ्याला मळकट राखाडी दिसते. तिची छिद्रं सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी लागतात. हे कुठल्या ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. ज्यानं केलं त्यालाच ठाऊक, आणि करणं थांबलं की गेलं.

म्हापशेकर_चिप
मीच लिहिलं होतं, आणि परत लिहितो. रडार सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या, ॲरेकडे वळलं. खालच्या कक्षेतले छोटे उपग्रह त्यावरच चालतात. तुम्ही दिलेली उदाहरणं खरी, पण मॅग्नेट्रॉन स्वस्तात डझनावारी मिळतो. त्यासाठी गोव्यात भट्टी लावायची? देशाला लागणारे चार खास कॅथोड पिलानीची संशोधन संस्था सीरी आणि बंगळुरूची सरकारी कंपनी बीईएल करतेच आहे. आपल्या मुलाला नोकरी हवी. आज व्हेर्णा, कुंडई फार्मावर चालते, उद्या चिपवर चालेल. ऑस्मियमच्या थरावर कोणाचं घर चालणार?

व्हेर्णा_शिफ्ट_बी
उपग्रह वापरतात त्या कू-बँडमधल्या चांगल्या टीडब्ल्यूटीची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या वर जाते. तेवढीच पॉवर त्या बँडमध्ये सॉलिड स्टेटनं काढून दाखवा आणि उष्णता कुठं टाकणार तेही सांगा. भूस्थिर उपग्रहावर वीज मोजून मापून मिळते. आणि फ्यूजनच्या भट्ट्या तापवणारे गायरोट्रॉन, त्याही ट्यूबच, १७० गिगाहर्ट्झला मेगावॉट देतात. तिथं तुमचा ट्रान्झिस्टर अजून रांगेत नाही.

बांबोळी_निवृत्त
दोघांनीही मोठ्या ट्यूबला हात लावलेला दिसत नाही. मी लावलाय, नोकरीभर. मोठ्या प्रक्षेपण ट्यूबची फिलामेंट थोरियमवाल्या टंगस्टनची. तिच्यावर कार्बाइडचा थर मुद्दाम चढवलेला असतो, नाहीतर थोरियम भराभर उडतं. पण कार्बाइडनं तार ठिसूळ होते. घाट चढून आलेली ट्यूब उभीच उतरवायची, आडवी केली की संपलं. नवी ट्यूब स्थिरावली की आम्ही फिलामेंटचं व्होल्टेज दोन-चार टक्के उतरवायचो. आयुष्य बरंच वाढतं. एक नवे साहेब आले, म्हणाले रेटिंगप्रमाणे चालवा. रेटिंगप्रमाणे चालवली, आणि ट्यूब लवकर गेली. पुस्तक वाचणं आणि ट्यूब सांभाळणं यात एवढा फरक आहे, म्हापशेकरबाब.

मडगाव_बासवाला
ट्यूबचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लग्नाच्या मोसमात आमच्या बँडचा ट्यूब अँप रोज बाहेर असतो, आत ईएल३४ या पॉवर ट्यूबची जोडी. नवशिके स्टँडबाय स्विच (कॅथोड आधी तापू देऊन हाय व्होल्टेज मागून देणारा) न वापरता थेट चालू करतात. थंड कॅथोडवर हाय व्होल्टेज बसलं की ऑक्साइडचा थर उपटून निघतो. कॅथोड स्ट्रिपिंग म्हणतात. अँप भाड्यानं देणाऱ्या प्रत्येकानं हे पाठ करावं.

बांबोळी_निवृत्त
चूक. चार-पाचशे व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या ट्यूबमध्ये थर उपटण्याइतकं फील्डच नसतं. ती भीती मोठ्या व्होल्टेजची. उलट तुमचा स्टँडबायच ट्यूब खराब करतो.

मडगाव_बासवाला
उभी हयात अँप वाहिले, सोल्डर केले, तुम्ही मला शिकवणार? माझ्या डोळ्यांसमोर ट्यूब गेल्यात.

बांबोळी_निवृत्त
ट्यूब गेल्या हे खरं. कशानं गेल्या ते तुम्ही ठरवलंत. आवाज चढवू नका, कारण ऐका. कॅथोड तापलेला आणि करंट शून्य, अशा अवस्थेत तासन् तास ठेवलात तर कॅथोडच्या निकेल नळीतलं सिलिकॉन आणि वरचं बेरियम ऑक्साइड मिळून मध्ये बेरियम सिलिकेटचा थर धरतो. तो करंटला अडवतो. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात हेच झालं. त्याच्या ट्यूब बराच वेळ तापलेल्या पण कट-ऑफमध्ये, म्हणजे करंट बंद, पडून असायच्या. निकेलमधलं सिलिकॉन काढल्यावर ट्यूबचं आयुष्य कित्येक पटींनी वाढलं.

मडगाव_बासवाला
म्हणजे अर्धा तास जेवणाच्या ब्रेकमध्ये स्टँडबायवर ठेवलं की लगेच सिलिकेट?

बांबोळी_निवृत्त
लगेच नाही. रोज, मोसमभर, तेव्हा. ब्रेकमध्ये आवाज शून्यावर आणा आणि अँप चालू राहू द्या.

म्हापशेकर_चिप
धागा लग्नाच्या अँपवर गेला. यावरूनच विषयाचं वय कळतं.

व्हेर्णा_शिफ्ट_बी
माझा मुद्दा यातूनच सिद्ध होतो. सिलिकॉन काढा म्हणायला सोपं. निकेलमध्ये थोडं मॅग्नेशियम किंवा सिलिकॉन लागतंच, कारण तेच ऑक्साइडमधून बेरियम मोकळं करतं आणि एमिशन सुरू होतं. सिलिकॉन जास्त झालं की ट्यूब त्या अडवणाऱ्या थरानं जाते, अगदीच शुद्ध निकेल घेतलं की ॲक्टिव्हेशनला वेळ खाते. किती ठेवायचं हे सिम्युलेशन सांगत नाही. वेगवेगळ्या निकेलच्या बाही घेऊन, ट्यूब बांधून, चालवून, मोडून पाहावं लागतं.

साखळीकर
सगळं मान्य, पण आषाढात हे गोव्यात करून दाखवा. बेरियम ऑक्साइड हवेतलं पाणी ओढून हायड्रॉक्साइड होतं. म्हणून तर कॅथोडवर कार्बोनेट फवारतात आणि ट्यूब पंपावर असतानाच तापवून त्याचं ऑक्साइड करतात. समुद्राची खारी हवा वेगळी. क्लोरीन आणि गंधक कॅथोडला विषासारखे. नुसत्या बोटाचा ठसा पुरतो, घामात मीठ असतं. आणि वीज? आमच्या शॉपमध्ये पाऊस लागला की दिवसातून कितीदा ट्रिप होतं ते मोजणंच सोडलंय. भट्टीत हायड्रोजन भरलेला आणि थंड पाण्याचा पंप बंद पडला, तर काय होईल? कामगाराच्या जिवाशी खेळ आहे तो.

व्हेर्णा_शिफ्ट_बी
विजेबद्दल तुमचं शंभर टक्के खरं, साखळीकरबाब. जनरेटर, वेगळा पंप आणि हायड्रोजन बाहेर ढकलणारी नायट्रोजनची पर्ज लाइन नसेल तर हायड्रोजन भट्टी लावूच नये, मी पहिला विरोध करीन. पण ओल हे कारण नव्हे. फार्मा कंपन्या याच पावसात कोरड्या खोल्या चालवतात. चकती कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवायची, ग्लोव्ह घालूनच उचलायची. खोली लहान, शेकडो एकर जमीन नको. आयआयटीच्या जागेवरून वाद झालेल्या शेळ-मेळावलीसारखं कुणाच्या काजू-बागायतीवर पाय द्यायला नको.

माशेल_संशोधक
मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम केलंय, म्हणून 'बाहेरून मागवा'चं प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. टंगस्टनच्या साध्या फिलामेंटचं आयुष्य तासांत मोजतात, शंभर तास मिळाले तरी खूप. लँथनम हेक्झाबोराइडची सुई फार जास्त टिकते आणि बीमही कितीतरी तेजस्वी, पण आमच्या संस्थेत ती मागवायची फाइल टेबलाटेबलांवर फिरत राहिली. माझे नमुने तोवर डेसिकेटरमध्ये, आणि प्रबंधाची मुदत वाढवून घ्यावी लागली. ती सुई धरायलाही साधा टंगस्टन चालत नाही, तापल्यावर बोरॉन त्यात शिरतं. ग्राफाइट नाहीतर रेनियम लागतं. इतकं लहान काम, आणि त्यासाठी आम्ही दुसऱ्या देशाच्या तोंडाकडे बघत बसलो. म्हापशेकर, चिप बनवायच्या कारखान्यातही हेच मायक्रोस्कोप लागतात ना?

म्हापशेकर_चिप
लागतात. तेवढं मान्य. कॅथोड मेला म्हणालो ते मागे घेतो, हवं तर. पण मुलांची वर्षं यात घालू नका हे मागे घेत नाही. एक सेमिस्टरचा ऐच्छिक विषय ठेवा, त्यात व्हॅक्यूम, सिंटरिंग, ब्रेझिंग शिकवा. ते चिपवाल्यालाही उपयोगी पडतं. सगळा कारखाना काढायच्या गप्पा मात्र ऑर्डर आल्याशिवाय नकोत.

मडगाव_बासवाला
स्टँडबाय स्विच मी काढणार नाही. ब्रेकमध्ये मात्र हात लावत नाही, निवृत्तबाब म्हणतात म्हणून. या मोसमात किती ट्यूब जातात ते बघू.

व्हेर्णा_शिफ्ट_बी
ऑर्डर द्यायच्या आधी नमुना मागतात, म्हापशेकरबाब. हीटरच्या मॉलिब्डेनम बाही आणि तांबं भरलेल्या टंगस्टनचं टर्निंग आमच्या शॉपमध्ये होतं, मालकाशी बोलणं झालंय. तांबं काढायला आणि आत ॲल्युमिनेट मुरवायला भट्टी लागेल, ती कुठल्या कॉलेजात चालू स्थितीत आहे ते तुम्ही शोधा. ऐच्छिक विषयाचा पहिला तास तिथंच घेऊ.