अनुभव धागा: मोबाइल गेममधून दुकानात गिऱ्हाईक कसं आणावं?

पोकेमॉन गो (फोन घेऊन खऱ्या रस्त्यांवर फिरत पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचा गेम), बीजीएमआय (फोनवरचा गोळीबाराचा गेम), ल्यूडो किंग यांपैकी काहीही ज्यांनी धंद्यासाठी वापरलंय त्यांनी इथे लिहावं. वेळा, खर्च, लागणारं सामान आणि गाडं कुठे अडतं, एवढं नेमकं यावं.

कॅफे, पुणे

पोकेमॉन गोपासून सुरुवात करतो. आधी गेम उघडून दुकानातल्या खुर्चीत बसा आणि जवळचा पोकेस्टॉप (खऱ्या जागेवर बसवलेला गेममधला थांबा) हाताशी लागतो का ते बघा. मर्यादा साधारण ८० मीटरची. स्टॉप टप्प्यात नसेल तर पुढचं सगळं सोडून द्या. असेल तर त्यावर ल्यूर मॉड्यूल (पोकेमॉनना तिथे ओढणारं आमिष) लावायचं. साधं ल्यूर ३० मिनिटं चालतं, एकाला १०० कॉइन (गेममधली नाणी) पडतात आणि ८ चा संच ६८० ला मिळतो, म्हणजे ६८० कॉइनमध्ये ४ तास. ल्यूर फक्त पोकेस्टॉपवर लागतं, जिमवर (गेममधल्या लढतींच्या जागेवर) नाही. नकाशावर त्या जागी गुलाबी पाकळ्या उडताना सगळ्यांना दिसतात, तीच तुमची पाटी.

चूक होते ती वेळेत. ऐन गर्दीत लावलं तर आहे ती टेबलंही अडतात. दुपारी ३ ते ५ हा आमच्याकडचा मेलेला वेळ, ल्यूर तेव्हाच लावावं. कम्युनिटी डे (गेममधला ठरावीक तासांचा खास दिवस) असेल तर त्याचे तास आधी बघून घ्या, त्या दिवशी खेळणारे आपसूक बाहेर पडलेले असतात.

सँडविच-ज्यूस सेंटर, ठाणे

कॅफेवाल्या दादांच्या म्हणण्यात एक भर. बुधवारी संध्याकाळी ६ ते ७ रेड अवर (जिमवरच्या बलाढ्य पोकेमॉनशी मिळून लढायचा, म्हणजे रेडचा तास) असतो, पण २०२० पासून रेड घरबसल्याही खेळता येते, त्यामुळे तिच्या भरवशावर जास्तीचा माल भरू नका. ल्यूरचं तसं नाही, तिथे माणसाला यावंच लागतं.

खेळणाऱ्याचा एक हात फोनवर असतो. थाळी, मिसळ, सुरी-काट्याचं काही चालत नाही. कागदात गुंडाळलेलं अर्धं सँडविच, झाकणाच्या ग्लासात लस्सी, वडापाव हे जातं. फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून गल्ल्याजवळ ६ सॉकेटचा बोर्ड आणि दोन-तीन टाइप-सी केबल ठेवा. ८० मीटरच्या आत गाडीत बसून खेळणारे खूप असतात. त्यांना आत आणतं ते चार्जिंग.

जुना इन्ग्रेस (पोकेमॉन गो बनवणाऱ्यांचाच आधीचा गेम) खेळाडू, नाशिक

‘माझ्या दुकानाचा पोकेस्टॉप करून द्या’ असं बरेच दुकानदार म्हणतात. तो वेफेअरमधून (गेमसाठी नव्या जागा सुचवायची सोय) सुचवावा लागतो आणि त्यासाठी खेळाडूची लेव्हल बरीच वरची लागते. साधं किराणा किंवा मोबाइलचं दुकान सहसा नाकारलं जातं. शेजारचं देऊळ, वाचनालय, तालीम, भिंतीवरचं मोठं चित्र सुचवा. फोटो स्वतः काढलेला हवा, त्यात चेहरे आणि गाड्यांचे नंबर नकोत. वर्णनात ‘शहरातली नंबर एक मिसळ’ लिहिलंत की संपलं. राहतं घर, शाळा आणि अग्निशमन दलाची वाट अडवणारी जागा चालत नाही.

हिशेब बघणारा

२०१६ च्या जुलैत न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका पिझ्झा बारने १० डॉलर खर्चून वीकेंडचा धंदा ७५ टक्क्यांनी वाढवल्याची बातमी गाजली. जपानमध्ये तर मॅकडोनाल्ड्सची सुमारे २,९०० दुकानं जिम आणि पोकेस्टॉप झाली. पण ती लाट होती. भारतात गेम अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये, जिओबरोबर आला, तोवर बराच भर ओसरला होता. आज ७५ टक्क्यांची आशा धरू नये. ल्यूरच्या वेळच्या बिलावर पेनाने ‘ल्यू’ लिहा आणि त्याच वाराच्या, त्याच तासाच्या बिनल्यूरच्या गल्ल्याशी ताडून बघा. कॉइनचे पैसे विक्रीतून नाही, नफ्यातून वजा करा.

गेमिंग कॅफे, कोल्हापूर

आमच्या भागात पोकेमॉनपेक्षा बीजीएमआय चालतं. क्लासिक (नेहमीची मोठी) मॅच लांबते, टेबल अडकतं. त्याऐवजी वेअरहाऊस नावाच्या नकाशावर ४ विरुद्ध ४ टीडीएम (दोन संघांची छोटी लढत) ठेवा: ४० किल (समोरचे खेळाडू मारणं) किंवा १० मिनिटं, की खेळ खल्लास. रूम कार्ड (आपली खासगी मॅच भरवायला लागणारं गेममधलं कार्ड) आधीच घेऊन ठेवा. आठही फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर हवेत आणि गल्ल्याचं यूपीआय मशीन वेगळ्या जोडणीवर, नाहीतर पिंग (नेटवरून प्रतिसाद यायला लागणारा वेळ) वाढलं की भांडणं आणि पेमेंट अडकलं की रांग.

प्रवेश फी घेऊन त्यातून रोख बक्षीस अजिबात देऊ नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणलीय. प्रवेश फुकट ठेवा आणि जिंकणाऱ्या संघाला चार कोल्ड कॉफी द्या. बॅनरवर गेमचा लोगो किंवा पिकाचू छापू नका, ते ट्रेडमार्क आहेत. ‘आज दुपारी ४ वाजता टीडीएम’ एवढं पुरतं. शाळकरी मुलं शाळेच्या वेळेत आली तर खेळायला बसवू नका. पालकांची एक तक्रार महिनाभराचा धंदा घालवते.

अमृततुल्य, सातारा

आमच्याकडे ल्यूडो किंग. गेम नवी मुंबईच्या कंपनीचा, आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना येणारा. चौघांत एका फोनवर खेळता येतो, नेट लागत नाही. पूर्ण डाव फार लांबतो, म्हणून क्विक मोड लावायला सांगा आणि टेबलावर लिहून ठेवा: एका डावाला दोन फेऱ्या चहा. हरणाऱ्याने बिल भरायचं, हे ठरवून देण्याची गरज पडत नाही.