जव्हार संस्थान आणि बैलाच्या कातड्याची कथा

प्रश्न :
नुकतेच जव्हारला जाणे झाले. तिथे ऐकलेली कथा अशी की, मुकणे घराण्याचे मूळ पुरुष जयबा यांनी तेथील वारली नायकाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि होकार मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून, त्या एकमेकींना जोडून, वेढता येईल तेवढा मुलूख ताब्यात घेतला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या प्राचीन नगराची संस्थापक मानल्या जाणाऱ्या डिडो राणीची कथा हुबेहूब अशीच आहे. मग जव्हारच्या कथेत इतिहास किती मानावा? आणि डोंगरातले एवढेसे राज्य सहाशे वर्षे टिकले कसे?

प्रतिसाद १ :
डिडोशी असलेले हे साम्य इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरकारांनीही नोंदवले आहे. कार्थेजच्या टेकडीचे नाव ‘बिर्सा’ आणि ग्रीक भाषेत बिर्सा म्हणजे कातडे, त्यामुळे तिकडची कथा नावावरून रचली गेली असावी असे मानतात. जव्हारच्या बाबतीत नावाचा असा आधार दिसत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, कथेत जमीन वारल्यांची होती हे उघडपणे कबूल केलेले आहे. सत्ता वारली नायकाकडून महादेव कोळी घराण्याकडे गेली, ही आठवण तिने जपली; वाद्यांचा भाग मात्र जिंकणाऱ्याच्या चातुर्याचे कौतुक म्हणून जोडला गेला असावा. (ज्याची जमीन गेली, त्याने ही कथा कशी सांगितली असती?)

प्रतिसाद २ :
थोडा हिशेब करून पाहिला. कातडे चार चौरस मीटरचे आणि वादी दोन मिलिमीटर रुंदीची धरली, तर एकूण लांबी दोन किलोमीटर भरते आणि तेवढ्या वर्तुळात जेमतेम ऐंशी एकर जमीन बसते. एखादी गढी आणि वस्ती यांना ती पुरेल. पण विसाव्या शतकाच्या आरंभी संस्थानाचे क्षेत्रफळ ३१० चौरस मैल होते!

प्रतिसाद ३ :
दुसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. जयबांचे पुत्र निमशाह यांना १३४३ च्या सुमारास दिल्लीच्या सुलतानाकडून राजा म्हणून मान्यता व ‘शाह’ हा किताब मिळाला. या घटनेचे महत्त्व दरबाराला एवढे वाटले की तिच्यापासून स्वतंत्र कालगणना सुरू झाली आणि ती पुढे कित्येक शतके संस्थानाच्या कागदपत्रांत वापरली गेली. त्या काळी या घराण्याकडे बावीस किल्ले होते असे सांगतात.

शिवाजी महाराज १६६४ मध्ये सुरतेकडे जाताना जव्हारजवळ शिरपामाळावर थांबले होते आणि तेथे राजे विक्रमशाह यांनी त्यांचा सत्कार केला, अशी तिथली परंपरा आहे. मात्र आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, महाराजांचेच पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार घेतले. हा भाग सहसा कोणी सांगत नाही. पुढे पेशवाईत मुलूख तुकड्यातुकड्याने कमी होत गेला. तरीही उरले ते टिकले, कारण तो सारा भाग जंगल, दऱ्या आणि कातळाचा होता. तेथे वसुली थोडी आणि बंदोबस्ताचा खर्च मोठा, त्यामुळे बलाढ्य शेजाऱ्यालाही स्थानिक राजा राहू देणेच परवडत असे. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळात, १९४८ मध्ये, संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात गेले. २०१४ पासून जव्हार पालघर जिल्ह्यात आहे.