मदत हवी आहे: पायथन ३.१३ मध्ये सीजीआय मॉड्यूलच नाही, वाचनालयाच्या सूचीचं काय करू?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकसूची पायथनच्या सीजीआय स्क्रिप्टांवर (वेब सर्व्हर प्रत्येक विनंतीला चालवतो ते छोटे प्रोग्राम) चालते. लेखकाचं किंवा पुस्तकाचं नाव टाकलं की कपाट क्रमांक दिसतो. सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे, म्हणजे पायथन ३.११. दुसऱ्या मशीनवर डेबियन १३ टाकून पाहिलं. त्यात ३.१३ येतं, आणि स्क्रिप्ट 'इम्पोर्ट सीजीआय' या ओळीलाच थांबते.

कारण कळलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मधून पेप ५९४ (पायथनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव) प्रमाणे १९ जुनी मॉड्यूल्स काढली. सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट त्यातलीच. ३.११ पासून तसा इशाराही येत होता. निर्णय मला पटतो. वाली नसलेला कोड प्रत्येक आवृत्तीत वाहून नेणं स्वयंसेवकांवर अन्याय आहे आणि सुरक्षेलाही धोका.

पण आता मी काय करू? डेबियन १२ ला एलटीएसच्या (दीर्घकालीन आधाराच्या) दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळतील, तोवर थांबता येईल. पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारात) लेगसी-सीजीआय नावाचं पॅकेज आहे, तेही दिसलं. नाहीतर सगळं फ्लास्क या वेब फ्रेमवर्कमध्ये नव्याने लिहायचं. माझ्यानंतर हे ग्रंथपालबाईंच्या हाती जाणार आहे. त्यांना सांभाळायला सोपं हवं, ही माझी खरी काळजी.

प्रतिसाद १

फ्लास्कच्या मागे लागू नका. चार फॉर्मसाठी ते जड होईल, शिवाय त्याच्याही आवृत्त्या सांभाळत बसावं लागेल. लेगसी-सीजीआय टाका. मॉड्यूलचं नाव तेच राहतं, त्यामुळे कोड बदलावा लागत नाही. फक्त डेबियनवर पिप (पॅकेज टाकायचं साधन) थेट चालवलं तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून नकार मिळेल. तो नकार जबरदस्तीने ओलांडू नका, सिस्टीमचं पायथन बिघडू शकतं. व्हेन्व (फक्त या कामापुरतं वेगळं पायथन) तयार करा, पॅकेज त्यात टाका आणि प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत त्या व्हेन्वमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्या. अपाचे या वेब सर्व्हरच्या युजरला तो फोल्डर वाचता येतो ना, तेवढं बघा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण शोधाच्या फॉर्मला तेवढंही लागत नाही. गेट पद्धतीचा फॉर्म (भरलेली माहिती पानाच्या पत्त्यातून जाते तो) असेल तर क्वेरी_स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) हे एन्व्हायर्नमेंटमधून घ्या आणि यूआरएललिबच्या पार्स_क्यूएसला द्या. हे पायथनमध्येच आहे, बाहेरचं काही नको. मराठी अक्षरं यूटीएफ-८ मध्ये नीट उलगडतात. एक फरक मात्र लक्षात ठेवा: सीजीआय मॉड्यूलमधल्या फील्डस्टोरेजचं गेटव्हॅल्यू एकच किंमत असेल तर सरळ मजकूर देतं, पार्स_क्यूएस प्रत्येक नावासाठी नेहमी यादी देतं. पहिला घटक काढून घ्यायला विसरलात तर 'पु. ल.' शोधूनही काहीच सापडणार नाही आणि चूक कुठे आहे ते कळणार नाही.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. शोधाचं पान पार्स_क्यूएसवर आणलं, ३.१३ वर चाललं, आणि आता ते वाचायलाही सोपं झालंय. मुखपृष्ठाचे फोटो चढवायचा फॉर्म पोस्ट पद्धतीचा (माहिती पत्त्यात न जाता विनंतीच्या आत जाते) आहे. तो सध्या व्हेन्व करून लेगसी-सीजीआयवर ठेवतो. मोठ्या फाइल घेण्यासाठी कुणी मल्टिपार्टचं (फॉर्ममधून फाइल पाठवायच्या पद्धतीचं) दुसरं एखादं पॅकेज रोजच्या वापरात ठेवलं असेल तर अनुभव सांगा.