रॅम्पपेक्षा ट्रेलरच्या शेपटीकडे बघा

मिनी ट्रॅक्टर ट्रेलरवर चढवायचा रॅम्प सहाऐवजी आठ फुटी करा आणि चॅनेल पूर्वीचाच ठेवा, असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय. त्यातलं आठ फुटीचं बरोबरच आहे. अडीच फूट उंच ट्रेलरला सहा फुटी रॅम्प लावला तर चढ जवळपास 25 अंशांचा होतो, आठ फुटीला 18. पण ‘चॅनेल तोच 75 चा चालेल’ हे पटत नाही (चॅनेल म्हणजे रॅम्पची C आकाराची लोखंडी तुळई, 75 म्हणजे तिची मिलिमीटरमधली उंची). त्याच वजनाखाली आठ फुटी तुकडा सहा फुटीच्या सव्वादोन पटींहून जास्त वाकतो. 100 चा घ्या. आठ फुटी एका चॅनेलचंच वजन 22-23 किलो भरतं, उचलताना कंबर बोलते, त्याला इलाज नाही.

आता कुणीच न काढलेला मुद्दा. आमचा दोनचाकी ट्रेलर. खानापूरकडे भातलावणीच्या दिवसांत मिनी ट्रॅक्टर चढवायचा होता, आणि ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरपासून सोडवून नुसता पुढच्या स्टँडवर उभा केलेला. मिनीची पुढची चाकं रॅम्पच्या टोकाला पोचली, तशी ट्रेलरची शेपटी खाली बसली, पुढचा दांडा हवेत, आणि एका रॅम्पचा हूक निसटला. भाऊ उडी मारून बाजूला झाला म्हणून निभावलं की हो. तेव्हापासून ट्रेलर जोडलेलाच ठेवतो. शिवाय शेपटीच्या दोन्ही कोपऱ्यांना जाड पाइपचे पाय बसवलेत, ते खाली सोडून पिनने अडकवायचे. लाल चिखलात ते रुततात, म्हणून खाली फळकूट ठेवायचं. हुकांवर भरवसा नको, रॅम्प साखळीने ट्रेलरला बांधाच. आणि रॅम्पवर लावतात ती चेकर प्लेट (उंचवट्यांच्या नक्षीचा लोखंडी पत्रा) पावसात साबणासारखी होते, तिच्यापेक्षा आडवे अँगल (L आकाराच्या लोखंडी पट्ट्या) वेल्ड केलेले बरे, चिखलही खाली गळतो.