प्रति: संदर्भसूचीत मराठी आणि इंग्रजी पुस्तकं एकत्र की वेगळी?

वर म्हटलंय की सगळी एकाच यादीत टाका, पण आधी प्रबंधाच्या गाइडना विचारून घ्या, आमच्याकडे सरळ दोन भाग करायला लावले होते, आधी मराठी मग इंग्रजी, आणि खरं सांगायचं तर वाचायलाही तेच बरं पडतं. आणि मराठी यादी वर्डच्या सॉर्टवर सोडू नका हं! माझ्या यादीतले लेखक क्षीरसागर जाऊन बसले 'क' मध्ये, कुलकर्ण्यांच्या शेजारी, कारण कॉम्प्युटरला क्ष म्हणजे क अधिक ष, आपण वर्णमालेत क्ष, ज्ञ शेवटी म्हणतो ते त्याला काय माहीत. शेवटी हातानेच लावली.

एपीए (संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली पद्धत) मागितलं असेल तर तिची सातवी आवृत्ती (२०१९) बघा, त्यात प्रकाशनाचं गाव काढून टाकलंय, तरी अजून लोक पुणे, मुंबई लिहीतच असतात. प्रत्येक नोंद दुसऱ्या ओळीपासून आत सरकवायला स्पेसबार बडवू नका, वर्डमध्ये सगळी यादी सिलेक्ट करून कंट्रोल टी दाबा, झालं. झोटेरो (संदर्भ साठवून यादी करून देणारं सॉफ्टवेअर) चांगलंच आहे, फक्त आडनावाच्या रकान्यात आडनावच आहे ना ते प्रत्येक नोंदीत बघा, माझ्याकडे निम्म्या ठिकाणी उलटं पडलं होतं.