कर्ज बापाच्या नावावर आणि पोरगी पॅरिसला, माझं चुकतंय का?

सातपूरचा बाप: मुलगी जर्मनीत आखेनला एमएस करतेय, तिसरं सेम. रविवारी मिसळ खायला बाहेर पडलो आणि स्टेटसला बघतो तर बाईसाहेब आयफेल टॉवरखाली. मागच्या महिन्यात अॅमस्टरडॅम, आता ख्रिसमसच्या सुट्टीत प्राग म्हणे. फ्लॅट गहाण ठेवून लोन काढलंय, व्याज पैसे सुटले त्या दिवसापासून चढतंय. फिरू नको म्हणत नाही, पण आधी डिग्री, नोकरी, मग फिर की काय फिरायचं ते.

गोदाकाठची: चुकतंय काका. ब्लॉक अकाउंटला (म्हणजे पैसे अडकवून ठेवायच्या खात्याला) वर्षाचे ११,९०४ युरो तुम्ही आधीच भरलेत ना, त्यातले महिन्याला ९९२ च सुटतात, मग ती फिरली काय नि खोलीत बसली काय, तुमचं लोन तेवढंच. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन फिरतेय ती.

डबल तर्री: वा, म्हणजे उरलेले पैसे फिरण्यात घालवायचे आणि हप्ते बापाने भरायचे! वीकेंडला शिफ्ट करता येते की. सोसायटीतला एक पोरगा असाच फोटो टाकत होता, दोन पेपर उडाले, सेम वाढलं, भाडं वाढलं.

पंचवटीकर, सध्या जर्मनीत: मी पण स्टुडंटच आहे म्हणून सांगतो. इथे महिन्याचं डॉइचलांड तिकीट असतं, २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, आता ६३ झालंय, त्यात देशभरातल्या लोकल नि रीजनल गाड्या चालतात, आयसीई म्हणजे लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या नाही. म्हणजे पाच तासांत दोनदा गाडी बदलायची, डब्यात कालचा खिचडीभात, शेजारी कोणी बसलं की झाकण हळूच लावायचं (लसणाचा वास!). आखेनहून कोलोन तासाभरावर. स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की कॅथेड्रल अंगावरच येतं, १५७ मीटर उंच, १२४८ ला काम सुरू आणि पूर्ण झालं १८८० ला. ५३३ पायऱ्या चढलो, पांडवलेणीला रडणारा मी. आणि पॅरिसचं म्हणाल तर २६ च्या आतल्यांना युरोपातलं रेसिडेन्स परमिट दाखवलं की लूव्र म्युझियम फुकट. नंतर नाशिकहून याल तेव्हा व्हिसा, विमान, तिकीट सगळं खिशातून.

डबल तर्री: फुकट फुकट म्हणत बस, हॉस्टेलचं भाडं कोण देतं? आणि पेपरचं उत्तर दिलंच नाहीस.

पंचवटीकर, सध्या जर्मनीत: बरोबर आहे, ते नाही दिलं. माझा एक राहिलाय. पण तो फिरण्याने नाही, स्टॅटिस्टिक्सने राहिला 😅

सातपूरचा बाप: रात्री फोन केला. रात्रीच्या बसने गेली होती, एक दिवस फिरून परत रात्रीच्याच बसने, हॉटेलचा खर्चच नाही. हे बरं की वाईट तेच कळेना, पोरीची जात, दोन रात्री बसमध्ये. प्रागला अजून हो म्हटलेलं नाही, फेब्रुवारीतले पेपर आधी. बायको मात्र पार्सलमध्ये चिवडा भरतेय आणि मलाच विचारते, तिकडे थंडी असेल ना, लोकरीचे मोजे पण टाकू का.

गोदाकाठची: टाका हो काका. दोन जोड टाका.