बाळू पालवणकरांच्या नावाने करंडक असावा का?

तिसरी_स्लिप

रणजी, दुलीप, देवधर, विजय हजारे, विनू मंकड, सी. के. नायडू, सय्यद मुश्ताक अली. आपल्या देशांतर्गत क्रिकेट स्पर्धांना लाभलेली ही नावं. यात बाळू पालवणकर कुठेच नाहीत, आणि मला ते मनापासून खटकतं.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बाळू मूळचे कोकणातल्या चांभार कुटुंबातले, घर लष्कराच्या आसऱ्याने पुण्यात आलेलं. १८९० च्या दशकात इंग्रजांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर कामाला लागले. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, नेट लावायची, आणि साहेब लोक सरावाला आले की तासन्‌तास गोलंदाजी टाकायची. ग्रेग नावाचा पट्टीचा फलंदाज या पोराच्या डावखुऱ्या फिरकीवर हात साफ करून घ्यायचा. बॅट मात्र बाळूंच्या हातात कुणी दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं, कारण इंग्रजांना हरवायचं होतं. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या बोळक्यात मिळायचा. जेवणाचं पानही वेगळं. प्लेगच्या दिवसांत ते मुंबईला आले, तिथे हिंदू जिमखान्याकडून खेळले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचे ८ बळी आणि संघात धाकटा भाऊ शिवरामही होता. १९११ च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले. प्रथमश्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१.

पण हे आकडे मी दुय्यम धरतो. माझा मुद्दा कर्णधारपदाचा आहे. हिंदू संघाचा कर्णधार म्हणून बाळूंचं नाव पुन्हा पुन्हा पुढे आलं आणि पुन्हा पुन्हा मागे पडलं. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं की हा मान माझ्याहून ज्येष्ठ आणि अनुभवी असलेल्या बाळूंना मिळायला हवा होता. तरीही मिळाला नाही.

१९२० साली कडेलोट झाला. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन अशा चार संघांची चौरंगी स्पर्धा, पै पहिल्या सामन्याला आजारी. त्यांच्या जागी बाळूंचा आणखी एक धाकटा भाऊ विठ्ठल याचं नाव येणं साहजिक होतं, तो संघातला मोठा फलंदाज होता. समितीने पुण्याहून प्रा. दि. ब. देवधरांना कर्णधार केलं आणि बाळूंना तर संघातूनच वगळलं. विठ्ठल आणि शिवराम दोघांनी जाहीर निवेदन काढून सामन्यातून अंग काढून घेतलं. जातीवरून झालेला हा अपमान आम्ही सोसणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. महाडचा सत्याग्रह यानंतर सात वर्षांनी झाला, हे लक्षात घ्या. पुढच्या सामन्याला तिघेही परत आले, बाळू उपकर्णधार म्हणून. पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि काही काळ बाळूंनी संघ सांभाळला. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाला आणि हिंदूंनी स्पर्धा जिंकली.

दलित माणसाच्या हाताखाली ब्राह्मण खेळाडू खेळले. हे घडवून आणणारं घर समानतेच्या लढ्यातलं पहिल्या फळीचं घर आहे, आणि त्यांच्या नावाने राष्ट्रीय पातळीवरचा करंडक हवा. आपली मतं सांगा.

अप्पा_परळ

असहमत. बाळू महान गोलंदाज होते, यात वाद नाही. पण तुम्ही सगळं एकाच चष्म्यातून बघताय. त्या काळी कर्णधार म्हणजे मैदानावरचा डावपेच आखणारा एवढंच नव्हतं. गव्हर्नरांच्या मेजवानीला जायचं, इंग्रजीत भाषण करायचं, बहुधा फलंदाज असायचं, घराणं किंवा पदवी असायची. इंग्लंडमध्येसुद्धा पगारी खेळाडूला कर्णधार करत नसत, हौशी श्रीमंतालाच करत. हा वर्गाचा भाग झाला. १९२० मध्ये बाळूंचं वय ४४-४५ होतं. त्या वयाच्या गोलंदाजाला वगळलं तर लगेच जात कशाला काढायची?

आणि देवधरांना या गोष्टीत खलनायक करू नका. त्यांनी महाराष्ट्राला दोनदा रणजी जिंकून दिली. त्यांच्या नावाचा करंडक त्यांच्या कामावर आहे.

तिसरी_स्लिप

अप्पा, देवधरांवर माझा रोख नाहीच. निवड समितीवर आहे.

वयाचं म्हणाल तर १९२० मध्ये ४४ होतं, १९१३ मध्ये नव्हतं. आणि विठ्ठलचं काय? तो शिकलेला, इंग्रजी उत्तम, फलंदाज, ऐन भरातला. तुमच्या यादीतल्या सगळ्या अटी तो पुऱ्या करत होता. तरी नाकारलं. मग उरलं काय?

इंग्लंड दौऱ्याचंच बघा. १९११ मध्ये कर्णधार कोण? पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. दौऱ्यातल्या मोजक्याच सामन्यांत ते उतरले. घराणं म्हणजे पात्रता हे तुम्ही म्हणताय ते त्या काळचं वास्तव होतं हे मान्य, पण वास्तव होतं म्हणून ते न्याय्य कसं ठरतं?

जर्सीतला_कोकणी

मी अमेरिकेत राहतो. इथे दर वर्षी १५ एप्रिलला बेसबॉलचा प्रत्येक खेळाडू ४२ क्रमांकाचा शर्ट घालून उतरतो. १९४७ साली त्या तारखेला जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिल्यांदा मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत, खेळला, त्याची ही आठवण. १९९७ मध्ये तो क्रमांक सगळ्या संघांनी कायमचा निवृत्त केला. पोरं घरी विचारतात, ४२ च का? मग आई-बाप सांगतात. करंडकाला नाव दिल्याने काय होतं, असं विचारणाऱ्यांनी हे बघावं.

तिसरी_स्लिप यांच्या कर्णधारपदाच्या मुद्द्याला +१. रॉबिन्सनला खेळायला मिळालं, पण ऑक्टोबर १९७२ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, मैदानावर सत्कार झाला तेव्हा तो म्हणाला की संघाच्या व्यवस्थापकाच्या (बेसबॉलमध्ये सामन्यात संघ चालवणारा तोच) जागी काळा माणूस दिसेल तेव्हा मला जास्त आनंद होईल. नंतर काही दिवसांतच तो गेला. पहिला काळा व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ मध्ये क्लीव्हलँडच्या संघाला मिळाला. म्हणजे खेळायला मिळाल्यापासून हुकूम द्यायला मिळेपर्यंत २८ वर्षं!

वेस्ट इंडीजचंही तेच. जॉर्ज हेडलीने १९४८ मध्ये एका कसोटीत नेतृत्व केलं, पण अख्ख्या मालिकेसाठी काळा कर्णधार म्हणून फ्रँक वॉरेलची निवड व्हायला १९६० उजाडलं, तीही तिथले लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी वर्तमानपत्रातून मोहीम चालवल्यावर. या हिशेबाने विठ्ठल पालवणकर १९२३ मध्ये कर्णधार झाला हे किती आधीचं आहे! आपणच आपली गोष्ट जगाला सांगत नाही.

मुक्ता_ज

मला ही तुलना पटत नाही, आणि करंडकाच्या कल्पनेलाही माझा विरोध आहे. कारण अप्पांपेक्षा पूर्ण वेगळं आहे.

तो संघ कसला होता? "हिंदू". समोर पारशी, मुसलमान आणि युरोपियन. धर्मावर संघ पाडलेली स्पर्धा. बाळूंना आत घेतलं ते दुसऱ्या धर्माच्या आणि राज्यकर्त्यांच्या संघाला हरवायला. जिंकून देणारा हात हवा होता, माणूस नंतर आला. १९२३ च्या विजयानंतर विठ्ठलला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याला घरात पाटावर बसवलं?

आणि स्पष्ट बोलायचं तर राजकारणात बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले. दलितांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत की नकोत या प्रश्नावर ते दुसऱ्या बाजूला होते, पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द बाबासाहेबांसमोर उतरवलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. जी व्यवस्था कर्णधारपद देत नव्हती तिनेच बाबासाहेबांना अडवायला त्यांचं नाव वापरलं. आज त्यांच्या नावाचा करंडक निघाला तर पुन्हा तेच होईल. "बघा, आम्ही दलितांचा मान ठेवतो" म्हणायला एक नाव मिळेल, आणि आजच्या संघात, निवड समितीत, क्लबांच्या कमिट्यांमध्ये दलित किती, हा प्रश्न कुणी विचारणार नाही.

खडकीकर

मुक्ताताई, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. आधीच्या भागाबद्दल थोडं.

माझं लहानपण खडकीतलं, लष्करी वस्तीच्या कडेला. आमच्याकडे जुनी माणसं बाळूंबद्दल बोलायची ती कौतुकाने, पण त्यात राजकारणाचा विषय कधी यायचा नाही. मोठा झाल्यावर १९३७ चं वाचलं तेव्हा मलाही धक्का बसला होता. तरी एक विचार करा. इंग्लंडहून ११४ बळी घेऊन आलेल्या माणसाचा दलित समाजाने मुंबईत सत्कार केला तेव्हा बाबासाहेब कॉलेजात शिकत होते. त्या पिढीच्या पोरांसमोर आपल्यातला, सगळ्या देशाला माहीत असलेला दुसरा माणूस कोण होता? बाळूंचा मार्ग आत शिरून जागा मिळवण्याचा होता, बाबासाहेबांचा मार्ग अधिकार म्हणून मागण्याचा. दुसरा मार्ग मोठा, यात शंकाच नाही. पण म्हणून पहिल्या मार्गावर चाललेल्याने जे सोसलं ते खोटं ठरत नाही.

आणि १९२० मधलं भावांचं निवेदन हे "आत घ्या हो" म्हणणारं नव्हतंच. तो बहिष्कार होता.

अप्पा_परळ

मुक्ता, आपण दोघं एका बाजूला आलो हे बघून मलाच नवल वाटतं :) पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. त्या वेळच्या हिंदू समाजाने बदल केलाही. १९०६ च्या विजयानंतर मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने लिहिलं होतं की या भावांना जिमखान्यात घेतल्याने तरुणांची मनं जेवढी मोकळी झाली तेवढी इतर सुधारकी खटपटींनी झाली नाहीत. पुण्यात बोळकं, मुंबईत सोबत जेवण, आणि १७ वर्षांत कर्णधार. पै यांच्यासारखा माणूस स्वतःची जागा सोडून मैदानाबाहेर गेला. याचं श्रेय कुणाला द्यायचं की नाही?

विदुला

अप्पा, पै यांना श्रेय द्याच, मी पण देते. आपल्या हक्काच्या जागेवरून उठणं सोपं नसतं. पण समितीला कशाला? भावांनी खेळायला नकार दिला नसता तर उपकर्णधारपद तरी मिळालं असतं का? "समाज बदलला" असं म्हटलं की बदलायला लावणारे दिसेनासे होतात.

मी हे बाईच्या जागेवरून सांगते. १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा तीनच संघ होते, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९८६ च्या भारतीय महिला संघाच्या इंग्लंड दौऱ्यात खेळाडू डायना एडलजींना लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानाच्या पॅव्हेलियनमध्ये शिरू दिलं नाही, कारण बाईमाणूस. लॉर्ड्‌सची मालकी असलेल्या एमसीसी क्लबने बायकांना सभासदत्व खुलं केलं ते १९९८ च्या मतदानानंतर. पुण्यातलं पॅव्हेलियन आणि लॉर्ड्‌सचं पॅव्हेलियन, दोन्हीकडे खेळ चालतो, खेळणारी व्यक्ती चालत नाही. आणि दोन्हीकडे नंतर सांगितलं जातं की बघा, आम्ही किती उदारपणे दार उघडलं. एडलजी गप्प बसल्या नाहीत, जाहीरपणे फटकारलं. विठ्ठल-शिवरामही गप्प बसले नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की नाव द्यायचं तर एकट्या बाळूंचं देऊ नका. "पालवणकर करंडक" म्हणा. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि अकाली गेलेला भाऊ गणपत, चौघांचा.

तिसरी_स्लिप

विदुलाताई, ही सूचना मला मनापासून आवडली. माझ्या डोक्यात बाळूंचं नाव होतं कारण बळी त्यांचे, पण नकार देण्याचं काम धाकट्यांनी केलं. आडनावात ते दोन्ही येतं.

मुक्ता, तुमच्या आक्षेपावर माझ्याकडे एक उत्तर आहे, पटतं का बघा. करंडक द्यायचा तर नुसता कप नको. सोबत ही सगळी गोष्ट छापली पाहिजे, बोळक्यासकट, १९२० च्या निवेदनासकट, १९३७ सकट. विठ्ठल यांनी मराठीत आत्मचरित्र लिहून ठेवलं आहे, त्यातला उतारा शाळेच्या पुस्तकात आला पाहिजे. मग नाव वापरून कुणाला मिरवता येणार नाही.

मुक्ता_ज

छापतील असं तुम्हाला खरंच वाटतं? कपावर नाव कोरणारे बोळक्याबद्दल एक ओळ लिहिणार नाहीत. "थोर फिरकी गोलंदाज" एवढंच लिहितील आणि टाळ्या वाजतील.

आत्मचरित्राला माझा पूर्ण पाठिंबा. ते शाळेत पोचवा, त्यासाठी जिथे सही हवी तिथे करते. करंडकाला विरोध कायम. त्या पैशात चार मैदानांवर, जिथे पोरांना आज खेळपट्टीच मिळत नाही तिथे, नेट लावा आणि बॅट द्या.

खडकीकर

नेट आणि बॅट दोन्ही. बाळूंना मिळाली नव्हती ती बॅट आधी.

पूर्वी पुण्यातल्या क्लबांमध्ये रूळ ओढणाऱ्या, खेळपट्टी सांभाळणाऱ्या माणसांची पोरं कडेला चेंडू टाकत उभी असायची, आजही असतात. माझ्या ओळखीतल्या एका क्लबात अशा पोरांना सरावात गोलंदाजीला बोलावतात, सामन्याच्या यादीत घेत नाहीत. मी येत्या सभेत हा विषय मांडणार आहे. ज्यांचे आपापल्या क्लबात सभासदत्व आहे त्यांनी तिथे मांडावा. करंडकाचं बीसीसीआयला पत्र तिसरी_स्लिप यांनी लिहावं, माझी सही धरा.

अप्पा_परळ

पत्राला माझी सही नाही. क्लबच्या यादीचं मात्र मी आमच्या परळच्या मंडळात विचारतो.